अंग बाहेर येणे हे बाईचे नशीब नाही : जव्हार-मोखाड्यातील बाळंतिणींचा न विचारलेला प्रश्न

जव्हार-मोखाड्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा मृत्यूच्या बातमीत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने गेली, तेव्हा ते आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातील बोटोशी परिसरात एका आदिवासी भगिनीची सातव्या महिन्यात जन्मलेली जुळी बाळे दगावली आणि तिला झोळीतून सुमारे तीन किलोमीटर डोंगरवाटेने न्यावे लागले, तेव्हा पुन्हा आले. बाळ वाचले का, आई वाचली का, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण आई वाचली, पाड्यावर परतली आणि पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन निघाली, तर पुढे तिच्या शरीराचे काय होते? हे आम्ही कार्यकर्त्यांनीही विचारलेले नाही.

खोकला आला की लघवी सुटते. भाताची लावणी करताना ओटीपोटात ओढ लागते. संध्याकाळी काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते. काहींचे अंग बाहेर येते. यातले काहीही बाई नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगितले तर "बाळंतपणानंतर व्हायचेच" असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे प्रत्येक तरुण-तरुणीला माहीत असायला हवे.

शरीरात नेमके काय होते?

कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिलाच डॉक्टर पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग या झोळीवर विसावलेले असतात. लघवी आणि शौच रोखून धरणे हेही तिचेच काम.

गरोदरपणात नऊ महिने या झोळीवर भार वाढत जातो. प्रसूतीत बाळाचे डोके बाहेर येताना ती कित्येक पटीने ताणली जाते, कधी फाटते. सिझेरियन झालेल्या बाईलाही नऊ महिन्यांचा भार चुकलेला नसतो. जगभरच्या अभ्यासांत बाळंतपणानंतर सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांना लघवी गळण्याचा त्रास दिसतो. म्हणजे हा त्रास सर्रास आढळतो, पण सर्रास आढळतो म्हणून तो सोसलाच पाहिजे असे नाही. ताणलेला स्नायू विश्रांती आणि योग्य व्यायाम मिळाला तर पुन्हा बळकट होतो.

इथे ओझे जास्त का?

विश्रांती हीच गोष्ट जव्हार-मोखाड्यात सर्वांत महाग आहे. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच कोचाळे येथे आहे, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी टेकड्या उतरतात-चढतात. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. दोन हंडे डोक्यावर घेतले की तीस. हा सगळा भार शेवटी त्याच झोळीवर दाब देतो.

भाताची कापणी संपली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तिथे गरोदर बाईही विटा वाहते आणि ओली बाळंतीणही. लहान वयातले लग्न, लागोपाठची बाळंतपणे, अपुरा आहार, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता यांची त्यात भर पडते. म्हणून अंग बाहेर येण्याचे कारण फक्त बाईच्या शरीरात शोधून चालणार नाही. ते पाण्यात, मजुरीत आणि रस्त्यातही आहे.

मौन आणि पिशवी काढणे, या दोहोंच्या मधली वाट

स्त्रियांचे हे आजार किती दबलेले असतात, ते महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

मौन तुटते तेव्हाही अनेकदा एकच उपाय पुढे येतो : पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत याचे टोक दिसले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. गर्भाशय काढल्याने खालची सैल झोळी आपोआप बळकट होत नाही, हे त्यांतल्या किती जणींना सांगितले गेले असेल?

मधली वाट आहे ती फिजिओथेरपीची. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेखन केले. आज ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत लघवी गळण्यावर पहिला उपचार म्हणून किमान तीन महिने देखरेखीखालील व्यायाम सांगितला आहे. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या अशा उपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्यविमा उचलतो. या व्यायामाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. शिकवणारे माणूस मात्र लागते.

व्यायाम कसा करायचा?

लघवी करून यावे. गुडघे दुमडून पाठीवर झोपावे किंवा ताठ बसावे. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखल्यासारखे करून खालचे स्नायू आत आणि वर ओढावेत. पाच मोजेपर्यंत धरावे, मग तेवढाच वेळ सैल सोडावे. सवय झाली की दहापर्यंत न्यावे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू ठेवावा. पोट, मांड्या आणि नितंब आवळू नयेत.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लघवी करता करता मध्येच थांबवण्याचा सराव करू नये. आणि खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना आधी हे स्नायू आवळून घ्यावेत.

गरोदरपणातच हा व्यायाम सुरू करता येतो. साध्या प्रसूतीनंतर दुखणे सोसवू लागले की काही दिवसांत हलकेच पुन्हा सुरू करावा. मोठे टाके पडले असतील किंवा सिझेरियन झाले असेल, तर डॉक्टरांना विचारून. फरक दिसायला तीन महिने लागतात. आठवड्यात सोडून देऊ नये.

व्यायामाला मर्यादाही आहेत. अंग बाहेर येऊन राहत असेल, लघवी अडत असेल, शौच रोखता येत नसेल, ताप किंवा जास्त रक्तस्राव असेल, तर मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठलेच पाहिजे. खाली सरकलेल्या गर्भाशयाला आधार देणारी पेसरी नावाची कडी असते. गरज पडल्यास शस्त्रक्रियाही असते.

हा हक्काचा प्रश्न आहे

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. आज कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण वीटभट्टीवरच्या बाईपर्यंत ती पोहोचलेली नाही. शेजारच्या नेपाळमध्ये २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भाशय खाली सरकण्याचा प्रश्न स्त्रियांच्या प्रजनन हक्कांशी जोडला आणि सरकारला पावले उचलायला सांगितले. आपल्याकडे तो अजून कुजबुजीतच आहे.

आपण काय करू शकतो?

आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्यांचे लक्ष मुख्यतः बाळाकडे असते. त्या भेटींत आईला दोनच प्रश्न जोडावेत : लघवी सुटते का? खाली काही उतरल्यासारखे वाटते का? दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर मातांच्या मोफत तपासणीत हा व्यायाम शिकवावा. आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकांना त्याचे प्रशिक्षण मिळावे आणि जव्हारच्या रुग्णालयात स्त्रियांसाठी फिजिओथेरपीचा ठरलेला दिवस असावा. आशाताईंना या जादा कामाचा मोबदलाही मिळाला पाहिजे. या मागण्या आपण ग्रामसभेत ठरावाने मांडू शकतो.

सुरुवात आपल्या विहारांपासूनही होऊ शकते. वर्षावासात ग्रंथवाचनाला भगिनी रोज एकत्र बसतात. वाचन संपल्यावर दहा मिनिटे एखाद्या परिचारिकेने हे शिकवले, तर मौन तिथेच तुटेल. पाड्यांवर जाताना मात्र आम्ही शिकवणारे आणि ते शिकणारे, असा आव नको. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर भगिनींचे आणि तिथल्या सुईणींचे आधी ऐकून घ्यावे.

आणि पुरुष कार्यकर्त्यांनी हा 'बायकांचा विषय' म्हणून उठून जाऊ नये. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिर भरवतो, त्यात या तपासणीचे एक टेबल पडदा लावून मांडता येईल. त्याहून सोपे काम घरात आहे. बाळंतिणीच्या डोक्यावरचा हंडा आपण उचलायचा.