एक हालचाल पुरे!

बोलणे ही आपल्याला अगदी सोपी गोष्ट वाटते. पण 'पाणी' एवढा एक शब्द उच्चारायचा तरी छाती, कंठ, जीभ आणि ओठ यांच्या अनेक स्नायूंना ठराविक क्रमाने, अचूक वेळी हलावे लागते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, या अवस्थेत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला जन्मापूर्वी किंवा अगदी लहानपणी इजा झालेली असते. त्यामुळे काही मुलांचे हे स्नायू हुकूम मानीत नाहीत. मात्र ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असे मानणे चूक आहे. आई विचारते, "भूक लागली? तहान लागली?" मूल मानेने हो-नाही सांगते. उत्तर त्याचे, पण प्रश्न दुसऱ्याचा! जे कोणी विचारलेच नाही, ते त्याने सांगावे कसे?

समजा, अशा मुलाला एकच हालचाल हुकमी करता येते. बोट दाबणे किंवा मान वळवणे. तेवढीही पुरते. कशी, ते करूनच पाहा.

पुठ्ठ्यावर ६ ओळी आणि ६ रकाने आखून ३६ चौकोन करा. त्यांत अक्षरे आणि 'पाणी', 'नको', 'दुखते' असे शब्द लिहा. मित्राने दर सेकंदाला एक याप्रमाणे चौकोनांवरून बोट फिरवावे. तुम्ही तोंड मिटून बसा आणि हवा तो चौकोन आला की पेन्सिलीने टक् करा. पहिल्या चौकोनाला १ सेकंद लागेल, शेवटच्याला ३६. म्हणजे सरासरी १८.५. दहा चौकोनांच्या वाक्याला ३ मिनिटे ५ सेकंद! ऐकणारा कंटाळून उठून जाईल.

आता मित्राने आधी फक्त ओळी दाखवाव्यात. तुमची ओळ आली की टक्. मग त्याच ओळीतील चौकोन एकेक करून दाखवावेत, पुन्हा टक्. ओळीसाठी सरासरी ३.५ आणि चौकोनासाठी ३.५, मिळून ७ सेकंद. तेच वाक्य आता ७० सेकंदांत होते. शिवाय वरच्या डाव्या कोपऱ्यातील चौकोन तर २ सेकंदांतच मिळतो. म्हणून नेहमी लागणारे शब्द त्या कोपऱ्यात ठेवावेत. 'नको' तर तेथे हवाच. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्यासाठी सारे काही दुसरेच ठरवतात.

संवाद-यंत्रात मित्राच्या बोटाऐवजी पडद्यावर उजेडाची चौकट सरकते आणि पेन्सिलीऐवजी एक कळ असते. निवडलेल्या शब्दांचा ध्वनी संगणक तयार करतो. नळाची चावी फिरवणारा काही पाणी ढकलीत नाही. तसेच येथे आवाजाची ऊर्जा विद्युत्घटातून येते. मुलाने द्यायची ती फक्त निवड.

अशा कल्पनेतून १९६०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग यांनी नळीत फुंकून किंवा हवा ओढून चालवता येणारे 'पॉसम' यंत्र घडवले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा आहे. आपल्याकडे चेन्नईत अजित नारायणन यांनी २०१०च्या सुमारास 'आवाज' हे उपकरण तयार केले. ज्यांचे एखादे बोट नीट चालते, ते थेट अक्षरेच दाबू शकतात. मुंबईच्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. टाइप केलेले शब्द बोलून दाखवणारे 'लाइटरायटर' हे यंत्र त्या वापरत आल्या आहेत. एका बोटाने टाइप करून लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट मात्र कोणतेही यंत्र करू शकत नाही. ती म्हणजे ऐकणाऱ्याने ७० सेकंद थांबणे. वरचा प्रयोग करताना मित्राला एकदा मुद्दाम तुमचे वाक्य मध्येच, स्वतःच्या अंदाजाने पूर्ण करायला सांगा. अंदाज चुकला आणि तो तसाच पुढे निघून गेला, तर तुम्हाला काय वाटते ते पाहा. तेवढे समजले की प्रयोग पूर्ण झाला.