प्रवासात दोघांनी जेवायचं कुठे? चांगलं स्थानिक हॉटेल ओळखण्याच्या सोप्या खुणा

नवरा-बायको दोघंच फिरायला निघाले की तिकीट, मुक्काम, बघायची ठिकाणं असं सगळं आधी ठरतं. जेवणाचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून राहून जातं. मग भूक लागल्यावर स्टेशनसमोर जे दिसेल तिथे शिरायचं. पैसे जातात आणि त्या गावाची चवही कळत नाही. त्यात आपल्यासमोर आणखी दोन प्रश्न असतात. मांस हलाल आहे का? आणि बाईमाणसाला निवांत बसता येईल का? आम्ही दोघं प्रवासात ज्या खुणा बघतो, त्या इथे देत आहोत.

पदार्थाची वेळ ओळखा

प्रत्येक शहराच्या पदार्थाला त्याची वेळ असते. हैदराबादेत नहारी-पाया हा सकाळचा नाश्ता आहे. दुपारी उठून शोधत बसलात तर चांगल्या ठिकाणी तो संपलेला असतो. हैदराबादी हलीमला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा खरा हंगाम रमजानचाच. छत्रपती संभाजीनगरचा नान-कलिया मुळात दावतीचा पदार्थ, मोठ्या देगीत शिजणारा. 'संपलं' असं सरळ सांगणारं हॉटेल बहुधा रोजचं ताजं रांधणारं असतं. उलट एकाच मेन्यूवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि पिझ्झा दिसला की आम्ही पुढे जातो.

प्रश्न नीट विचारा

'इथे चांगलं हॉटेल कुठलं?' असं विचारलं की लोक पाहुण्यांसाठीचं महागडं हॉटेल दाखवतात. काही पर्यटनस्थळी गाडीवाल्याला कमिशनही मिळतं. म्हणून 'तुम्ही स्वतः घरच्यांना घेऊन कुठे जेवायला जाता?' असं विचारा. बेकरीवाला, कापड दुकानदार, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर भेटणारे लोक यांच्याकडून खरी माहिती मिळते. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच नाव घेतलं तर बिनधास्त जा.

मोबाइलवरचे तारे बघायला हरकत नाही, पण नुसत्या ताऱ्यांवर जाऊ नका. ग्राहकांनी टाकलेले ताजे फोटो बघा, त्यात मेन्यूचे दरही दिसतात. एक-दोन तारे देणाऱ्यांची तक्रार काय आहे तेही वाचा. 'वाट बघावी लागली' ही तक्रार वेगळी आणि 'पोट बिघडलं' ही वेगळी.

हलालची खात्री

दारावर 'हलाल' लिहिलेलं असलं तरी विचारायला संकोच करू नका. मांस कुठून येतं? दुसरं मांस त्याच भांड्यात, त्याच तेलात शिजतं का? प्रामाणिक मालक लगेच उत्तर देतो. एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक अन्नसुरक्षेच्या परवान्याचा असतो. त्यावरून हलाल असल्याचं कळत नाही. 1 जानेवारी 2022 पासून हा क्रमांक बिलावरही छापणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात पाटीवर 'परमिट रूम' दिसलं की आत दारू मिळते हे समजून घ्या. गोव्यात तर साध्या दिसणाऱ्या हॉटेलातही बार असू शकतो, म्हणून बसण्याआधीच विचारलेलं बरं. शंका राहिलीच तर मासे किंवा शाकाहारी थाळी आहेच, पण भांड्यांचा आणि तेलाचा प्रश्न तिथेही विचारून घ्या.

दोघांची सोय

जुन्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी 'फॅमिली रूम' असते, कधी माडीवर, कधी मागच्या बाजूला. बाहेरून सगळे पुरुषच दिसले म्हणून परत फिरू नका, आधी विचारा. आमच्याकडे एक नियम आहे. आत गेल्यावर तिला अवघडल्यासारखं वाटलं तर चव कितीही नावाजलेली असो, आम्ही उठतो किंवा पार्सल घेतो. स्वच्छतागृह आणि हात धुण्याची जागाही आधीच बघून घ्या.

दोघांत पदार्थ वाटून खाल्ले की जास्त चवी घेता येतात. हैदराबादेत अनेक ठिकाणी एक बिर्याणी दोघांना पुरते. म्हणून आधी एकच मागवा, कमी पडली तर पुन्हा सांगता येते.

एक उदाहरण: कोझिकोड

मुंबईहून कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणारी नेत्रावती एक्सप्रेस कोझिकोडला, म्हणजे जुन्या कालिकतला थांबते. मापिला मुस्लिमांचं जेवण तिथे सहज मिळतं. बिर्याणीत बासमतीऐवजी बारीक, लहान दाण्याचा सुवासिक तांदूळ असतो. तांदळाच्या पिठाची पातळ 'पत्तिरी' खाताना कोकणातल्या माणसाला घरची भाकरी आठवते. मिठाई तेरूवरचा हलवाही प्रसिद्ध आहे. भाषा येत नसेल तर शेजारच्या टेबलावर काय आहे ते बोटाने दाखवा, काम होतं.

बिल बघून द्या

जीएसटी द्यावाच लागतो, पण सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम कायम ठेवले. तो लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. वाढणाऱ्या पोऱ्याला खुशीने काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

छोट्या हॉटेलांकडे जाहिरातीला पैसे नसतात. जेवण आवडलं तर मोबाइलवर चार ओळी जरूर लिहा: काय खाल्लं, किती वाजता, किती पैसे झाले, फॅमिलीला बसायची सोय कशी आहे. त्या घराचा धंदा चालेल आणि पुढच्या जोडप्याची शोधाशोध वाचेल.