एकाच फेरीत दोन कामे

रात्री उशिरा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले की पडद्यावरचे चक्र फिरतच राहते आणि आपण मोबाइलच्या नावाने बोटे मोडतो. कधी कधी कारण पलीकडे असते. आपले अर्ज जिथे साठतात त्या डेटाबेसची घरकामे बहुधा रात्रीच काढलेली असतात. एक काम बॅकअपचे, म्हणजे साऱ्या माहितीची दुसरी प्रत काढण्याचे. दुसरे, साठवलेली माहिती कुठे बिघडली तर नाही ना, हे पाहण्याचे. दोन्हींसाठी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते.

आता हिशेब पाहा. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट सलग वाचते असे धरले, तर एक टेराबाइटला जवळजवळ १ तास ५१ मिनिटे लागतील. दोन कामांना दुप्पट. दोन्ही एकाच वेळी पण वेगवेगळ्या जागांवरून चालली, तर त्याहूनही वाईट. वाचणारे हेड इकडून तिकडे धावते आणि प्रत्येक वेळी हवी ती जागा खाली येईपर्यंत थांबणे आले. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीलाही एका फेऱ्यास ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो.

माझी आई ज्वारीला ऊन द्यायला कणगी उघडते, तेव्हाच किडके दाणे निवडते आणि पायलीने मोजूनही घेते. कणगी तीनदा उपसण्याचे तिच्या मनातही येत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१३ साली प्रत्येक पानासोबत पडताळणीचा आकडा ठेवण्याची सोय आली. तो ठेवलेला असेल, तर २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून त्याचा बॅकअप-प्रोग्राम पाने उचलता उचलता आकडाही ताडून पाहतो. पान हातात आलेलेच असते. डिस्कला वेगळी फेरी पडत नाही.

मात्र सगळीच कामे एका दावणीला बांधता येत नाहीत. २००८ च्या आवृत्तीत एक छान युक्ती आली होती : कुणी मोठा तक्ता वाचत असेल, तर मागून आलेला तिथूनच त्याच्यासोबत वाचू लागतो आणि राहिलेला आरंभ शेवटी वाचतो. पण तक्त्यांची प्रत काढणारा 'पीजी-डंप' ही युक्ती मुद्दाम बंद ठेवतो, कारण तिने ओळींचा क्रम बदलतो. 'व्हॅक्यूम' ही साफसफाई तर २००९ पासून, स्वच्छतेची खूण असलेली पाने वगळू शकते. तिला पूर्ण वाचनाच्या फेरीत ओढण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

शिवाय आकडा जुळला म्हणजे पान लिहिले तसेच आहे, एवढेच कळते. माझे टक्के मुळातच कुणी चुकीचे भरले असतील, तर तेही बिनचूक ठरतील. आणि बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हे पाहायला तो दुसऱ्या यंत्रावर उतरवूनच बघावा लागतो. ती फेरी वाचवता येत नाही.