बाळंतीण उठली, पुढें काय?

बारसें आटोपलें, सव्वा महिना सरला, म्हणजे घरांतील वडीलधारीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. बाळंतीण उठली, असें सर्वजण धरून चालतात. ती कितपत उठली आहे, हें तिला कोणी विचारीत नाहीं. शिंक आली किंवा पाण्याची बादली उचलली कीं लघवीचे थेंब गळतात, ही गोष्ट ती आईलाहि सांगत नाहीं, मग नवऱ्याला कोठून सांगणार? माझ्या एका मैत्रिणीनें ती अकरा वर्षें लपविली. लग्नकार्याला जाणें तिनें सोडलें, आणि आम्ही म्हणत होतों, मूल झाल्यापासून हिचा स्वभाव पालटला! प्रसूतीनंतर ही तक्रार तीन स्त्रियांपैकीं सुमारें एकीला असते.

नागपूरला बाळंतपणाची सुधारणा नवी नाहीं. अल्पवयांत वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनीं वेणूताई नेने यांच्यासह १९२१ सालीं येथें मातृसेवासंघ स्थापन केला. माय-लेकरें जगावींत, हाच तेव्हांचा प्रश्न होता. जगलेल्या आईचें शरीर पूर्ववत् कसें व्हावें, हा त्यापुढचा.

आपल्या जुन्या पद्धतींत सारेंच टाकाऊ नाहीं. तेलाचें मर्दन, डिंकाचे व अळिवाचे लाडू, कामाची सक्तीची सुटी. यांतील सुटीचें मोल तर आजच्या नोकरी करणाऱ्या सुनेलाच विचारावें. पण नागपूरच्या वैशाखांत बंद खोलींत बाजेखालीं शेगडी ठेवणें हा शेक नव्हे, शिक्षा होय. शिवाय कोंडलेला कोळशाचा धूर दोघांनाहि घातक. पोटाला बांधलेल्या पट्ट्यानें आधार वाटतो, परंतु पट्टा स्नायूंना बळ देत नाहीं. करकचून आवळल्यास पोटांतील दाब उलट खालीं येतो. सव्वा महिना नुसतें पडून राहणें तर त्याहून वाईट, कारण त्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचें भय वाढतें.

ओटीपोटाच्या तळाशीं स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्या आधारानें राहतात. गर्भाच्या भारानें व प्रसूतीच्या ताणानें ती सैल पडते. १९४८ सालीं आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानें तिचा व्यायाम वैद्यकीय जगापुढें मांडला. कृति सोपी आहे. उताणें निजून गुडघे दुमडावे आणि वायु व लघवी रोखून धरावी, तसा तळ आंत-वर ओढावा. पांच अंक मोजून पूर्ण सैल सोडावा. श्वास कोंडूं नये, मांड्या आवळूं नयेत. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां. फळ दिसावयास तीन महिने लागतात. आठवड्यांतच सोडणाऱ्या पुष्कळ!

पोटाचे दोन उभे स्नायूहि बेंबीपाशीं एकमेकांपासून दूर सरलेले असतात. म्हणून एकदम उठून बसण्याचे व्यायाम आरंभीं नकोत. अंथरुणावरून उठतांनाहि कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावें. शस्त्रक्रियेनें प्रसूति झालेल्या स्त्रीनें पहिले सहा आठवडे बाळाहून जड कांहीं उचलूं नये. चालणें मात्र सर्वांनींच लवकर सुरू करावें.

एका पोटरीला सूज येऊन ती दुखूं लागली किंवा अकस्मात् धाप लागली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तीन महिन्यांनंतरहि थेंब गळत असतील किंवा अंग खालीं उतरल्यासारखें वाटत असेल, तर भौतिकोपचारतज्ज्ञ स्त्रीला दाखवावें. त्या विद्येचीं महाविद्यालयें आतां नागपुरांतच आहेत. माझी मैत्रीण अकरा वर्षांनीं गेली, तरी तिला गुण आला. गेल्या माघांत ती पुतणीच्या लग्नाला आली होती.