ग्रीक-रोमन साहित्याची घरातली फळी

पुण्याच्या संगमावर १८११ पासून इंग्रज रेसिडेंट म्हणून राहिलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रीक आणि लॅटिनचा पट्टीचा वाचक होता. १८०१ मध्ये कलकत्त्याहून पुण्याच्या पहिल्या नेमणुकीवर निघाला तेव्हाच होमर, हेरोडोटस आणि होरेस त्याच्या सामानात होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशव्यांच्या फौजेने रेसिडेन्सी पेटवली आणि त्याची पुस्तके जळाली.

असा संग्रह आजही आवाक्यातला आहे, कारण मुळात वाचलेच थोडे. सोफोक्लीझने शंभराहून अधिक नाटके लिहिली, पूर्ण उरली सात. एस्किलसची सात आणि युरिपिडीसच्या नावावरची एकोणीस धरली की ग्रीक शोकांतिका तेहेतीस नाटकांत संपते. रोमन इतिहासकार लिव्हीच्या १४२ भागांपैकी ३५ हाती आहेत.

१९११ साली जेम्स लोएबने सुरू केलेल्या मालेत डाव्या पानावर मूळ संहिता आणि उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर असते. ग्रीक पुस्तके हिरवी, लॅटिन लाल, आकार खिशात मावेल एवढा. बेंगळुरूच्या रोहन मूर्ती यांच्या देणगीतून २०१५ पासून निघणारी भारतीय अभिजात ग्रंथांची माला याच धर्तीवर आहे. लोएबचे खंड पाचशेच्या वर गेले आहेत. सगळे घेण्याचा हट्ट हा ग्रंथालयाचा उद्योग, वाचकाचा नव्हे. नुसती गोष्ट वाचायची तर होमरच्या ‘ओडिसी’चे रियू यांनी केलेले १९४६ चे इंग्रजी गद्य भाषांतर पुरते. मराठीत विंदा करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आणि पु. ल. देशपांड्यांचे ‘राजा ओयदिपौस’ जुन्या बाजारात शोधावे.

मराठी वाचकाने मात्र एक पुस्तक आधी घ्यावे: ‘पेरिप्लस’. पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले हे बंदरांचे टिपण आहे. त्यात सोपारा आणि कल्याण येतात. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून, कापड बैलगाड्यांनी भडोचला जाते. कल्याणला चुकून लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाते, अशीही तक्रार आहे. मूळ मजकूर अवघा ६६ लहान परिच्छेदांचा असून विल्फ्रेड शॉफचे १९१२ चे इंग्रजी भाषांतर स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले आहे.