आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र नव्हे

फळ्यावर आलेख काढा. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर दारापासूनचे अंतर. रेषा 8 सेकंदांत 8 मीटरपर्यंत चढते, 5 सेकंद आडवी राहते, नंतरच्या 4 सेकंदांत शून्यावर येते. काय घडले?

'टेकडी चढला, सपाटीवर चालला, उतरला,' असे उत्तर काही मुले देतातच. त्यांनी आलेख पाहिला, वाचला नाही.

खरे तर मुलगा सेकंदाला 1 मीटर चालीने गेला, थांबला, दुप्पट चालीने परतला. रेषा जितकी तीव्र, तितकी चाल जास्त.

उभ्या अक्षावर वेग असता, तर? आडवी रेषा म्हणजे एकसमान वेग. उतरती रेषा म्हणजे परतणे नव्हे, वेग कमी होणे.

म्हणून आधी अक्ष वाचायला लावा. मग व्हरांड्यात आलेखाप्रमाणे चालायला सांगा. चूक पायांनाच कळेल.