युनियन कोणाची, हे कोण ठरवणार?

नववीच्या वर्गात आणीबाणीचा धडा चालू होता. एका मुलीने विचारले, "सर, संप बेकायदा कसा असतो? काम नाही केले तर पगार नाही, एवढेच ना?" प्रश्न साधा होता, पण उत्तराला पूर्ण तास गेला.

आमच्या भांडुपमध्ये एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले, त्या बुजुर्गांना हे सांगावे लागत नाही. मुलांना मात्र तिथे आता टॉवरच दिसतात.

1975 साली आणीबाणी आली. संपांवर बंदी आली, कामगार पुढारी तुरुंगात गेले आणि किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला. घाटकोपरचे डॉ. दत्ता सामंत तर सत्ताधारी काँग्रेसचेच होते, तरी तेही आत गेले.

पण मुंबईच्या गिरण्यांत कामगारांची कोंडी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने या धंद्यात एकच 'प्रातिनिधिक' युनियन मानली, ती काँग्रेसची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ही युनियन जो करार करेल तो सगळ्यांना लागू. दुसऱ्या युनियनला मालकाशी बोलण्याचा हक नाही आणि तिने संप केला तर तो बेकायदा. कामगारांचे गुप्त मतदान घ्या, ही मागणी वर्षानुवर्षे झाली. कायद्यात तशी सोयच नव्हती. मुलीला हेच सांगितले. ज्याच्या हातात मान्यतेचा शिक्का, तोच ठरवणार कायदेशीर काय ते.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून वाद पेटला आणि गिरणी कामगार थेट घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेले. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होतीच, पण तो 1946 चा कायदा रद्द करा, हीसुद्धा मागणी होती.

गंमत पाहा, त्याच्या महिनाभर आधी, 13 डिसेंबर 1981 ला, पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला होता. तिथे सरकार स्वतःला कामगारांचेच म्हणवत होते, तरी सरकारी युनियन झुगारून जहाजबांधणी कामगारांनी 1980 मध्ये 'सॉलिडॅरिटी' उभी केली. तिच्यावर बंदी आली, पण 1989 मध्ये ती पुन्हा कायदेशीर झाली आणि निवडणूकही जिंकली.

मुंबईत तसे झाले नाही. सरकार सामंतांशी बोलायलाच तयार नव्हते. डॉक्टरांनीही माघारीची वाट ठेवली नाही, ही त्यांची चूक होती असे आम्हाला वाटते. शिवाय गिरण्या बंद असताना कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर विणले जात होते. मदनपुऱ्यातले आपले अन्सारी विणकर गिरण्यांत संपावर, आणि भिवंडीत मागावर उभे असलेलेही बरेचसे आपलेच! पोट दोघांनाही होते, दोष कोणाला द्यायचा?

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली. 1984 मध्ये त्याच कामगारांनी डॉक्टरांना लोकसभेत पाठवले. 16 जानेवारी 1997 ला पवईत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

तास संपला तरी ती मुलगी बसूनच होती. तिचे अब्बा एका गोदामात कंत्राटावर आहेत, पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदाराचे नाव असते. "मग त्यांची युनियन कुठली, सर?"